सडा

माझी नात मे महिन्याच्या सुटींत पुण्याहून यवतमाळास आली, आणि आल्याच्या दुसऱ्याच दिवशीं तिनें मला एक प्रश्न विचारला. "आजोबा, इथं शनिवार-रविवारी लोक करतात तरी काय?"

प्रश्न साधा होता. पुण्यांत तिचे शनिवार-रविवार भरगच्च असतात. कुठें चित्रकलेचें शिबिर, कुठें मातीचीं भांडीं घडविण्याचा वर्ग, कुठें पहांटे टेकडीवर फेरी, आणि संध्याकाळीं एखाद्या मैदानावर खाद्यपदार्थांची जत्रा. यांतल्या प्रत्येक गोष्टीचा एक छापील कागद असतो. त्यावर वेळ असते, स्थळ असतें, आणि तळाशीं शुल्काचा आंकडा असतो. अशा मुलीनें, बाहेर ४४ अंशांचें ऊन धडधडत असतां, खिडक्या लावून घेतलेल्या खोलींत कूलरच्या घरघरींत बसून असा प्रश्न विचारावा, यांत नवल तें काय? पण मला तो झोंबला. आपल्या गांवाला कोणी नांवें ठेवलीं कीं अगदीं साधा माणूसहि घटकाभर इतिहासकार होतो. मीहि झालों. त्या दिवशीं संध्याकाळीं तिला ओसरीवर बसवून मीं जी सुरुवात केली, ती दिवेलागण होऊन गेली तरी संपली नाहीं.

मीं तिला सांगितलें कीं, आमच्या लहानपणीं उन्हाळ्याचा दिवस सूर्योदयाला सुरू होतच नसे. तो सूर्यास्ताला सुरू होई. यवतमाळ हें समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचीवर, पठारावर वसलेलें गांव. दिवसा तें तव्यासारखें तापतें. पण रात्र पडली कीं माळावरून वारा सुटतो, आणि दिवसभर शिव्या खाल्लेला उन्हाळा रात्रीं सर्वांची क्षमा मागतो. दत्त चौकापासून चालत पांच-सात मिनिटांवर आमची गल्ली. दुपारभर तिच्यांत कुत्रेंहि फिरकत नसे. पांच वाजून गेले कीं एकेका दाराची कडी वाजे आणि अंगणाअंगणांत सडा पडे. तापलेल्या मातीवर पाणी पडतांच जी वाफ उठे आणि जो वास सुटे, त्या वासालाच मी आमच्या उन्हाळ्याची घंटा म्हणतों. सडा वाळेपर्यंत बाजा बाहेर येत. बाजांवर सतरंज्या, सतरंज्यांवर म्हातारीं माणसें, आणि म्हाताऱ्यांच्या अंगाखांद्यांवर नातवंडें. रात्रीं गल्लीच्या एका टोकाला कोणी शिंकलें, तर 'शतायुषी हो' हा आशीर्वाद दुसऱ्या टोकाहून येई.

शनिवारीं मारुतीच्या पारावर भजन असे. तुकडोजी महाराज १९६८ सालीं गेले. पण त्यांची खंजिरी वऱ्हाडांत गांवोगांवीं वाजतच राहिली. दिवसभर शिवणयंत्रावर मान खालीं घालून बसणारा आमचा शिंपी खंजिरी हातांत आली कीं असा कांहीं ताठ होई, आणि त्याचा आवाज असा कांहीं चढे, कीं सोमवारीं त्याच्याकडे पायजमा शिवायला टाकतांना आम्हां मुलांना भीति वाटे.

रविवारची सकाळ वाळवणाची. ऊन चढण्यापूर्वीं अंगणांत बाजा टाकून त्यांवर धुतलेलीं लुगडीं पसरायचीं, आणि त्यांवर कुरडया, पापड, शेवया घालायच्या. मला सरगुंड्यांचें काम फार आवडे. घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी वळून ती काडीभोवतीं गुंडाळीत न्यायची, आणि काडी अलगद ओढून घ्यायची. मागें उरे ती वळ्यावळ्यांची पोकळ नळी. वाळलेले सरगुंडे शिजवून आमरसांत सोडले, कीं प्रत्येक पोकळींत रस शिरून बसे. इटलीच्या लोकांनीं कणकेच्या नळ्या साऱ्या जगाला खाऊं घातल्या. आमचे सरगुंडे मात्र अजून विदर्भाच्या वेशीवरच उभे आहेत. हा अन्याय मीं नातीला विशेष आवेशानें सांगितला.

मग मीं तिला आगगाडींत बसविलें. यवतमाळपासून मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटरचा अरुंद रुळांचा मार्ग एका इंग्रज कंपनीनें सुरू केला, तो आम्हांला सहली काढतां याव्या म्हणून नव्हे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेनें मँचेस्टरला पोंचावा म्हणून. गमतीची गोष्ट अशी, कीं या मार्गावर जें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत धांवत होतें, तें १९२१ सालीं मँचेस्टरलाच बांधलेलें होतें. कापूस तिकडे गेला आणि त्याच्या मोबदल्यांत धूर इकडे आला. पण आम्हां मुलांना तो धूर प्रिय होता. या 'शकुंतले'ची चाल इतकी गजगामिनीची, कीं चालत्या डब्यांतून उतरून, रुळांकडेचीं टेंभरें वेंचून, पुन्हां मागच्या डब्यांत चढतां येई. असें आम्हीं खरोखरच केलें होतें काय, हें मी शपथेवर सांगणार नाहीं. पण नातीला मीं तें शपथेवर सांगितलें. आज ती गाडी धांवत नाहीं, त्यामुळें माझी साक्ष खोटी पाडणारेंहि कोणी नाहीं.

या साऱ्याचा कळस म्हणजे १९७३ च्या मे महिन्यांतला एक रविवार. त्या सालीं यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. मी तेरा वर्षांचा होतों. साहित्याचें तें वारें आमच्या गल्लींतहि शिरलें, आणि आम्हीं मुलांनीं नाटक करायचें ठरविलें. नाटक तानाजीचें. चार रिकाम्या पिंपांवर दोन दारें टाकून रंगभूमि उभी राहिली. कोणा मावशीच्या जुन्या लुगड्याचा पडदा झाला आणि एक पेट्रोमॅक्स भाड्यानें आली. गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेंत संध्याकाळपासून रोडगे लागले होते. गव्हाच्या जाड पिठाचे, पारीवर पारी चढवून वळलेले ते गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून भाजायचे, वरची राख फडक्यानें झाडायची, आणि फोडून त्यांत तूप ओतायचें. सोबतीला आंबट वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. गल्ली पोटभर जेवली आणि मग नाटकाला बसली. मी तानाजी होतों. पिंपांमागच्या निंबाच्या फांदीला दोर बांधला होता. तो धरून मी कोंढाणा चढलों, तेव्हां जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो आजहि माझ्या कानांत आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा देतांना आई म्हणाली, "छान झालं हो नाटक." माझ्या आयुष्यांतला तो पहिला अभिप्राय, आणि खरें सांगायचें तर शेवटचा निर्भेळ अनुकूल अभिप्राय.

येथवर आल्यावर मीं माझा आवडता सिद्धान्त मांडला. गेलीं कित्येक वर्षें मी तो ज्याला-त्याला ऐकवीत आलों आहें. सिद्धान्त असा, कीं शेजार सोयीनें घडत नाहीं, उणिवेनें घडतो. घरांत पंखा नव्हता म्हणून माणसें अंगणांत आलीं. घरांत करमणूक नव्हती म्हणून नाटक झालें. घरोघर नळ नव्हता म्हणून गल्लीला विहीर होती. पुढें पत्र्याचे कूलर आले. खिडकीला कूलर लागला कीं बाकीच्या खिडक्या मिटतात, हळूहळू दारहि मिटतें, आणि त्या घरघरींत शेजाऱ्याची शिंक ऐकूं येईनाशी होते.

पुरावा म्हणून मीं २०१८ चा उन्हाळा पुढें केला. आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरून वर्धा वाहते, पैनगंगा वाहते. पण खुद्द यवतमाळ शहर निळोणा आणि चापडोह या लहान धरणांच्या पाण्यावर जगत आलेलें. २०१७ च्या पावसानें दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यांत दोन्ही जलाशय तळाला गेले. नळ कोरडे पडले, टँकर फिरूं लागले, आणि बेंबळा धरणाचें पाणी शहरांत आणण्याची धांवपळ सुरू झाली. मी नुकताच निवृत्त होऊन पुण्याहून आपल्या जुन्या घरीं परतलों होतों. कूलरलाहि पाणी लागतेंच. तेव्हां कूलर मुके झाले. आणि काय आश्चर्य! आमची गल्ली पुन्हां दारांत आली. टँकरची वाट पाहत माणसें रात्रीं ओट्यावर बसूं लागलीं, एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करूं लागलीं. एका रात्रीं कोणी तरी जुनें भजनहि म्हटलें. "पाहिलंस?" मीं नातीला विजयानें म्हटलें, "उणीव परत आली, आणि तिच्या पाठोपाठ शेजार परत आला!"

समोरच्या घरच्या मावशी तेवढ्यांत येऊन पायरीवर बसल्या होत्या. त्यांचें वय पंचाऐशीच्या घरांत. माझ्या आईच्या त्या मैत्रीण, आणि गल्लींतल्या त्या पिढीच्या आतां एकट्याच उरलेल्या. त्यांनीं माझें सारें व्याख्यान ऐकून घेतलें आणि मग हळूच विचारलें, "बाबू, तुले नाटक आठवते, रोडगे आठवते. पन थो दोर कोठून आनला होता, थे आठवते काय?"

"विहिरीवरचा होता, मावशी," मीं म्हटलें.

"मंग आमी पानी कायनं काढलं असन?"

मी गप्प झालों. १९७२ च्या दुष्काळानें महाराष्ट्र होरपळला होता, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यांत आमच्या विहिरीचें पाणी तळाला गेलें होतें. दिवसभर झिरपून जें सांचे, तें रात्रीं काढावें लागे. आणि तें काढायला दोन दोरांना गांठ मारून केलेला तो एकच लांब दोर होता. तोच आम्हीं फांदीला बांधला होता. हें सारें मला ठाऊक होतें. पन्नास वर्षें तें माझ्या डोक्याच्या एका कोपऱ्यांत पडून होतें. पण त्याचा अर्थ मीं कधीं केला नव्हता.

मावशी रागावल्या नव्हत्या. एखादी जुनी गंमत सांगावी तशा त्या सांगत होत्या. गल्लीच्या साऱ्या बायका रिकामे गुंड घेऊन विहिरीपाशीं बसल्या होत्या, नाटक संपण्याची वाट पाहत. नाटक संपून दोर परत आला तेव्हां अकरा वाजून गेले होते. शेवटचा गुंड भरला तेव्हां दोन वाजले होते. "तुही माय बी होती. टाळ्या वाजल्या तवा थे म्हने, 'आता चढला वाटते माहा पोरगा.'"

नातीनें माझ्याकडे पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं, हें तिचें मोठेपण.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. संध्याकाळीं ज्या ज्या आठवणी मीं दिमाखानें सांगितल्या होत्या, त्या सगळ्यांतून मी आईला शोधीत फिरलों. भजनाच्या पारावर ती नव्हती. त्या वेळीं ती चुलीपाशीं असे. आगगाडींत ती नव्हती. आमच्या दशम्या मात्र होत्या. नाटकाला तर नव्हतीच. वाळवणाच्या सकाळीं ती होती, पण तिथेंहि मला आठवत होते ते सरगुंडे. आणि सडा? दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यांतहि आमच्या अंगणांत रोज सडा पडे. तो चांगल्या पाण्याचा नसे. सकाळचें धुण्याचें पाणी आई मोरीजवळच्या घंगाळांत संध्याकाळसाठीं राखून ठेवी. सड्याचा तो वास मी आयुष्यभर बरोबर घेऊन हिंडलों. तो घालणारा हात मात्र मला आठवत नव्हता.

माझा सिद्धान्त अगदींच खोटा होता असें मी म्हणणार नाहीं. माणसें उणिवेनें जवळ येतात, हें खरें आहे. पण माझ्या जमाखर्चांत खर्चाची बाजू कोरी राहिली होती. उणीव साऱ्या गल्लीची होती. ती भरून काढण्याचें काम साऱ्या गल्लीचें नव्हतें. २०१८ सालींहि मी ओट्यावर बसून गप्पांना रंग भरीत होतों, तेव्हां टँकरच्या नळीशीं कोण उभें होतें? माझी पत्नी, शेजारची सून, आणि घरोघरीं भांडीं घासायला येणारी ती बाई, जिला आमच्या घरचें पाणी भरून झाल्यावर आपल्या घरचें पाणी भरायचें होतें. हरवलेल्या काळासाठीं हळहळणें सोपें असतें. ज्याला त्या काळीं गुंड उचलावा लागला नाहीं, त्याला तर फारच सोपें. कूलरच्या ज्या घरघरीला मी शिव्या देतों, तिच्यामागें नळाचें पाणी आहे. आणि नळाचें पाणी म्हणजे एका बाईची पुरी झोंप आहे, हें मीं कधीं मोजलें नव्हतें.

दोन दिवसांनीं नातीनें माझ्या पुढ्यांत एक कागद ठेवला. पुण्याच्या कागदांसारखाच नेटका. वेळ, स्थळ, कार्यक्रम, सारें त्यावर होतें. रविवार, संध्याकाळीं सहापासून. गल्लीच्या टोकाची मोकळी जागा. रोडग्यांचें जेवण आणि नंतर मुलांचें नाटक, 'तानाजी'. तळाशीं शुल्काच्या जागीं तिनें लिहिलें होतें: 'प्रत्येक घरच्या पुरुषांनीं हातपंपावरून दोन बादल्या पाणी स्वतः आणावें. कणीक पुरुषांनीं मळावी. भांडीं पुरुषांनीं घासावीं. नाटकाचा दोर बाजारांतून विकत आणला आहे.'

गल्लींतल्या पुरुषांनीं हा कागद प्रथम विनोद म्हणून वाचला. मग त्यांच्या घरच्या मंडळींनीं तो वाचला, आणि त्यांतला विनोद संपला.

त्या रविवारीं आमच्या हातून जें घडलें त्याला स्वयंपाक म्हणणें धाडसाचें होईल. एक निवृत्त मास्तर, एक बँकेंतले गृहस्थ, दोन तरुण आणि मी असे पांच जण परातीभोवतीं बसलों. मावशींना आम्हीं मधोमध खुर्ची दिली होती. पहिल्याच घाण्याला त्या म्हणाल्या, "कनीक हाय का खीर?" आम्हीं पीठ वाढविलें, मग ती इतकी घट्ट झाली कीं मास्तरांच्या मनगटांतून कळ आली. पहिले रोडगे वरून कोळसा आणि आंतून कच्चे निघाले, दुसरे आंतून कोळसा कसे झाले हें अद्याप कोणाला कळलेलें नाहीं. तिसऱ्या खेपेचे मात्र खरोखर बरे होते. हातपंपाच्या चाळीस-पन्नास दांड्या मारल्यावर माझ्या तळव्याला फोड आला. पासष्टाव्या वर्षीं आलेला तो पहिला फोड मीं दोन-तीन जणांना दाखविला. कोणी फारशी विचारपूस केली नाहीं.

नाटकाआधीं एक काम राहिलें होतें. जागा धुळीची होती. मीं उरलेल्या बादल्या घेतल्या आणि ओंजळीनें सडा घालूं लागलों. अर्धीहि जागा भिजली नव्हती, तोंच कंबर धरली आणि पाणी संपलें. मी पुन्हां हातपंपाकडे गेलों. तीन खेपा झाल्या तेव्हां कुठें सारी जागा ओली झाली, आणि मातीचा तो वास आला. तोच होता, जरासाहि बदललेला नव्हता. मी तसाच, ओल्या हातांनीं, थोडा वेळ उभा राहिलों.

मग पडदा वर गेला. नात जिजाबाई झाली होती. गल्लीच्या पलीकडच्या टोकाचा एक काटकुळा मुलगा तानाजी होता; नव्या दोरानें तो गड चढला, मध्येंच घसरला, पुन्हां चढला. बायका पहिल्या ओळींत बसल्या होत्या आणि त्यांच्यांतली एकहि मध्येंच उठून गेली नाहीं. मावशींनीं सुरुवातीपासून शेवटपर्यंत नाटक पाहिलें. टाळ्या वाजल्या तेव्हां मी मोकळ्या जागेच्या कडेला राखेनें भांडीं घांशीत होतों. त्यामुळें तानाजीचें मरण मला दिसलें नाहीं, नुसतें ऐकूं आलें.

माणसें पांगूं लागलीं तेव्हां मावशींना घरापर्यंत पोंचवायला मी त्यांच्याबरोबर निघालों. दारापाशीं त्या थांबल्या, कडीवर हात ठेवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाबू, येत्या रविवारी काय हाय?"